‘ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल पिते’ : एका अर्धसत्याचा पंचनामा

वाहनांविषयीच्या बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जाते : ‘टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या घसरणीमुळे ऑटोमॅटिक गाडी महामार्गावर अधिक इंधन खाते.’ या वाक्यातील विज्ञान शहरापुरते खरे आहे. महामार्गावर ते बहुतांशी लागू पडत नाही. तरीही ते टिकून आहे, याचा दोष वाचकाकडे जात नाही. तो सांगणाऱ्यांकडे आणि मोजणाऱ्यांकडे जातो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम यंत्र समजून घेऊ. इंजिनाला जोडलेले एक पात्याचे चाक तेल भिरकावते, ते तेल समोरच्या दुसऱ्या चाकाला फिरवते आणि दोहोंमधील स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून गाडी निघताना बल वाढवून देतो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ही कल्पना जहाजांसाठी मांडली. हिची अडचण उघड आहे. दुसरे चाक पहिल्याच्या किंचित मागे राहिल्याखेरीज तेल बल वाहूच शकत नाही. हे मागे राहणे म्हणजेच घसर, आणि घसरीत गेलेली ऊर्जा तेल तापवण्यात संपते.

परंतु यावरचा उपायही जुना आहे. वेग स्थिरावला की दोन्ही चाके एका क्लचने थेट जखडून टाकायची. यालाच लॉक-अप म्हणतात. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच तो प्रवासी मोटारीत आणला. पुढे तो मागे पडला आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पुन्हा सर्वत्र आला. आज भारतात विकल्या जाणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत तो गृहीतच धरलेला असतो. म्हणजे महामार्गावर स्थिर वेगाने धावताना ज्या घसरीला दोष दिला जातो, ती त्या क्षणी जवळजवळ अस्तित्वातच नसते!

‘मग शंभरच्या वेगाला काटा तीन हजारांजवळ का जातो?’ असा प्रश्न हमखास येतो. साधे गणित करून पाहू. चाकाचा परीघ १.९५ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८५५ फेरे घेते. सर्वांत वरचा गिअर आणि अंतिम गुणोत्तर यांचा गुणाकार २.८ असेल तर इंजिनाचे फेरे होतात सुमारे २,४००. तोच गुणाकार ३.४ असेल तर २,९००. आता लॉक-अप नाही आणि घसर ५ टक्के आहे असे मानले, तर २,४०० चे होतात सुमारे २,५२५. गुणोत्तराने पाचशे फेरे वाढले. घसरीने जेमतेम सव्वाशे. उंच काट्याचे मुख्य कारण तेल नसून गिअरांची संख्या आणि उत्पादकाने निवडलेले गुणोत्तर हे आहे. आपल्याकडे २०२२ पर्यंत ब्रेझा, एर्टिगा यांसारख्या खपाच्या गाड्यांत चार गिअरांची पेटी होती. त्या वर्षी सहा गिअर आले. त्या जुन्या पेट्यांवरून बांधलेले मत आजच्या सर्व ऑटोमॅटिक गाड्यांवर लादणे हा आळस आहे.

घसर क्षुल्लक आहे, असे मात्र मी म्हणत नाही. मध्यम आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाला साधारण १३ किलोवॅट शक्ती लागते. तिचे ५ टक्के म्हणजे सुमारे ६५० वॅट. घरातला मिक्सर प्रवासभर अखंड चालू ठेवावा तेवढी. लॉक-अप ही उधळपट्टी थांबवतो म्हणूनच त्याचे मोल आहे. पण त्याहून मोठा चोर वेगळाच आहे : हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरवरून एकशेवीसवर गेलात की तीच गाडी दर किलोमीटरला सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा मागते. लॉक-अपने वाचवलेले सारे आणि त्यावर कितीतरी अधिक, उजव्या पायाने उधळले जाते. दोष मात्र गिअरपेटीला.

आता मोजणाऱ्यांकडे वळू. आपल्याकडे जाहिरातीत झळकणारा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, वातानुकूलन बंद ठेवून काढलेला असतो. या भारतीय चाचणीचे एकूण १,१८० सेकंद. त्यातील ७८० सेकंद शहरी चालीचे, जिथे वेग ५० च्या वर जात नाही. उरलेल्या ४०० सेकंदांतही कमाल वेग ९०. आणि आपण द्रुतगती मार्गांवर मोटारींना १२० ची मर्यादा ठरवतो! ज्या वेगाची चाचणीच होत नाही, त्या वेगाच्या खर्चाचा अंदाज ग्राहक त्या एका आकड्यावरून बांधतो. शहरी थांबा-निघा चालीत टॉर्क कन्व्हर्टरचे नुकसान खरोखरच होते. ते त्या आकड्यात मिसळते आणि महामार्गावर रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्यालाही तेच चिकटवले जाते. २०२७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी पद्धत आणण्याचा प्रस्ताव आहे. मूळ स्वरूपात तिच्यात वेग १३० पर्यंत जातो, हे स्वागतार्हच. पण तिच्यातूनही शेवटी एकच सरासरी आकडा बाहेर काढून बाकीचे कपाटात ठेवले, तर ग्राहकाच्या पदरी अंधारच.

‘सामान्य माणसाला एवढा तपशील कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना माझा प्रतिप्रश्न आहे : फ्रीजवरील तारांकित पट्टीवर वर्षाचे युनिट वाचणारा माणूस आठ-दहा लाखांची गाडी घेताना एकाएकी अडाणी होतो काय? मागणी साधी आहे. प्रत्येक गाडीसाठी ८०, १०० आणि १२० या स्थिर वेगांना इंजिनाचे फेरे किती आणि इंधन किती, हे सहा आकडे छापा. ते उत्पादकाकडे असतातच. बातमीदारांनीही निदान एएमटी, सीव्हीटी, दुहेरी क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर यांना एकाच ‘ऑटोमॅटिक’ पोत्यात कोंबणे सोडावे. एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. अनेक सीव्हीटींमध्ये मात्र असतो.

विद्यार्थ्यांनो, माझ्या शब्दावरही विसंबू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि ठरावीक गिअर असलेल्या गाडीत चालकाशेजारी बसा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग ८० ला स्थिर असू द्या. चालकाने पेडल किंचित दाबल्यावर फेऱ्यांचा काटा पाहा. तो वेगाच्या काट्याबरोबरच सावकाश चढला, तर लॉक-अप लागलेला आहे. वेग वाढण्याआधीच शे-दोनशेने वर गेला, तर तेल घसरते आहे. पाचशे-हजाराने उसळला, तर गिअर खाली आला आहे. एका काट्यात एवढे विज्ञान आहे. ते वाचायला शिकलात, तर पुढच्या वेळी ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ असे कुणी म्हणाले की एवढेच विचारा : कुठली ऑटोमॅटिक, कुठल्या वेगाला, आणि मोजले कुणी?