‘अस्सल’ गाण्याचे निनावी धनी

बाजारासाठी घडवलेले संगीत अस्सल संगीताइतका आनंद देऊच शकत नाही, असे मानणाऱ्यांनी ‘गेंदा फूल’ या गाण्याचा प्रवास तपासावा. २००९ साली ‘दिल्ली-६’ या चित्रपटाद्वारे ए. आर. रहमान यांनी हे छत्तीसगढी गीत देशभर पोहोचवले. यंत्रावर रचलेला ताल, स्टुडिओतील ध्वनिमिश्रण आणि रेखा भारद्वाज यांचा आवाज यांतून ते सिद्ध झाले. त्यावर ठेका धरणाऱ्या श्रोत्याचा आनंद खोटा ठरवण्याचा अधिकार कोणत्याही समीक्षकाला नाही.

मूळ गीत मातीतून उगवले, हे मात्र कारखान्यात तयार झाले, असे शुद्धतावादी म्हणतील. परंतु गीते मातीतून उगवत नाहीत. १९७०च्या दशकात रायपूरच्या जोशी भगिनींनी हे गीत गाऊन लोकप्रिय केले. शब्दरचनेचे श्रेय छत्तीसगढात गंगाराम शिवारे यांना दिले जाते. म्हणजे ‘अस्सल’ म्हणवणाऱ्या गाण्यालाही कवी होता, गायिका होत्या, आकाशवाणीचा ध्वनिक्षेपकही होता. तेही घडवलेलेच होते.

मराठी रसिकाला हे नवे वाटू नये. ‘पिंजरा’ (१९७२) मधील लावण्या जगदीश खेबूडकर आणि राम कदम यांनी चित्रपटासाठीच घडवल्या. त्यांची गोडी त्यामुळे उणावली नाही. त्यांच्याही आधी होनाजी, राम जोशी हे शाहीर लावणीच्या अखेरीस आपली नाममुद्रा उमटवीत होते. लोकांच्या ओठी बसलेली रचना निनावीच असली पाहिजे, हा आग्रह त्या परंपरेला ठाऊक नव्हता.

मग बाजार निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही, पण त्याचा अपराध कृत्रिमतेचा नसून विस्मरणाचा आहे, आणि त्यात शुद्धतावादी त्याचे भागीदार आहेत. भारतीय कायद्यानुसार ज्ञात कवीच्या रचनेला त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे संरक्षण मिळते. ‘पारंपरिक’ असा शिक्का बसलेल्या गीताला धनीच उरत नाही. ‘लोकांचे गाणे’ म्हणून जिचा गौरव होतो, ती रचना याच गौरवामुळे फुकटात उचलता येते.

गाणे आवडले की नाही, हे कानाने ठरवावे. समीक्षेने विचारायचे ते इतकेच, की ते कोणी रचले, प्रथम कोणी गायिले आणि त्यांची नावे कोणत्या टप्प्यावर पुसली गेली.