परीक्षकाचीही परीक्षा व्हावी

चरकसंहितेच्या विमानस्थानात अध्ययनाचा क्रम सांगितला आहे. विद्यार्थ्याने आधी शास्त्राची, मग आचार्याची परीक्षा करावी. आचार्यानेही शिष्याला पारखूनच शिकवावे. आपण शिष्याची परीक्षा तेवढी कठोर केली. परीक्षा घेणाऱ्याला पारखण्याचे मात्र राहून गेले.

५ मे २०२४ रोजीच्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केले. मात्र गैरप्रकार देशव्यापी असल्याचे सिद्ध न झाल्याने २३ जुलै रोजी फेरपरीक्षा नाकारली. लातुरातही जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांवर गुन्हा नोंदला गेला. याच परीक्षेच्या गुणांवर बी.ए.एम.एस.चे प्रवेशही होतात, हे वैद्यबंधूंनी विसरू नये.

हे लोण दूरचे नाही. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यात, फुटली. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. उंद्रीसारख्या गावातील शेतकऱ्याचा मुलगा दोन वर्षे दिवा जाळून अभ्यास करतो. एक चोरलेली प्रश्नपत्रिका त्याची जागा हिरावते, आणि पुढे रुग्णाच्या नाडीवर अनधिकारी हात पडतो. त्या हाताने लिहिलेली चिठ्ठी औषधालयाचा मालक कोणत्या विश्वासाने वाचणार?

२१ जून २०२४ पासून सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध केंद्रीय कायदा लागू झाला. संघटित गुन्ह्यास ५ ते १० वर्षे कारावास व किमान १ कोटी रुपये दंड आहे. परंतु शिक्षा ही व्याधी जडल्यानंतरची गोष्ट झाली. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. मुद्रणालयापासून वर्गापर्यंत प्रश्नपत्रिका अनेक हातांतून जाते. तेथेच रोगाचे मूळ आहे. म्हणून पेटीचे सील उघडताना परीक्षा यंत्रणेबाहेरचा साक्षीदार असावा, प्रत्येक हस्तांतराची वेळ व नाव नोंदले जावे आणि खासगी शिकवणीशी संबंध असलेल्यास केंद्रावर नेमू नये.

घेणारा असतो म्हणून विकणारा उभा राहतो. घेणाऱ्यांत आपल्या व्यवसायातील पालक कधीच नसतात, असे छातीठोकपणे सांगता येईल काय? आपला पाल्य प्रामाणिकपणे अनुत्तीर्ण झाला तरी चालेल, असे म्हणण्याचे धैर्य प्रथम आपल्या घरात हवे. जिल्हा शाखेने असा ठराव करून वरील मागण्या शासनाकडे पाठवाव्यात. चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शुचिता गणली आहे. तिचा आरंभ प्रवेशद्वारापासूनच व्हावा.