वाटेवरची करोडगिरी: एक खुले पत्र

मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली यांस,
स. न. वि. वि.

आपल्या प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटासेवांच्या भेदभावी दरांस मनाई करणारे जे विनियम जारी केले, त्यांची थोरवी महानगरांतील विद्वानांनी पुष्कळ वर्णिली आहे; परंतु कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्यासारख्या सरहद्दीच्या गावी त्यांनी काय राखले, हेही आपल्या दप्तरी नमूद असावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

या विनियमांनी जिला अटकाव झाला, त्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेत निवडक संकेतस्थळे फुकट मिळावयाची होती, आणि आत प्रवेश कोणत्या अटींवर द्यावयाचा हे कंपनीच ठरविणार होती. त्या योजनेची तरफदारी करताना फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला दिला होता: त्यास हवामान कळते, बाजारभाव कळतात. दाखला हृद्य होता. पण आमच्या तूर पिकविणाऱ्या रयतेस कलबुर्गीच्या बाजार समितीचा भाव जितका हवा, तितकाच सोलापूरचा आणि लातूरचाही हवा. तिचा सरकारी कागद कन्नडात, आणि कित्येक घरांतले बोलणे मराठीत. अशा द्विभाषिक मुलखाची निकड, राज्यवार सर्कलींचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्या कंपनीच्या यादीत उमटली असती?

हैदराबाद संस्थानच्या अमलात सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि माल महसूल भरूनच पुढे सरके. ते नाके उठले. आता दूरसंचार कंपन्यांना तसाच नाका इंटरनेटवर हवा आहे. ज्या संकेतस्थळांची डेटा-वाहतूक मोठी, त्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी त्यांची मागणी असून २०२३ च्या आपल्या विचारविनिमयातही तिचा पाठपुरावा झाला. प्रथम ती बड्यांपुरतीच असेल, हे मी मानतो. परंतु वाहतुकीवर वसुलीचा हक्क एकदा मान्य झाला की, जो भरील त्याची वाट प्रशस्त आणि जो भरू शकणार नाही त्याची अरुंद करण्याचा मोह कंपनीस आवरणार नाही. मग सीमाभागातले एखादे मराठी साप्ताहिक कोणत्या बळावर तग धरील?

खेड्यात मनोरा उभारणे परवडत नाही, ही कंपन्यांची तक्रार खोटी नव्हे. पण त्याच कारणासाठी सार्वत्रिक सेवा निधी स्थापन झाला, जो आज ‘डिजिटल भारत निधी’ म्हणून ओळखला जातो. मनोऱ्यांचा खर्च त्यातून व्हावा.

म्हणून विनंती की, २०१६ चे विनियम आणि आपल्याच शिफारशीवरून २०१८ मध्ये केंद्र सरकारने मान्य केलेले, इंटरनेटवरील सर्व मजकुरास समान वागणुकीचे तत्त्व यांत कोणत्याही नावाने सवलत देऊ नये, आणि वाहतुकीवरील वसुलीची मागणी स्पष्ट शब्दांत नामंजूर करावी.

कळावे,
सीमाभागातील एक मराठी नागरिक