टॅब हाती, पण शिक्षक सोबतीला

वर्गात टॅब आले की मुलं आपोआप शिकतील, हे समीकरण खरं नाही. पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटले; मात्र २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषेतील त्यांची प्रगती वाढल्याचं आढळलं नाही. यंत्रं पोहोचली, शिकवण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली.

टांझानियात वेगळा प्रयोग झाला. १७० खेड्यांतील सुमारे तीन हजार मुलांना स्वाहिली भाषेतील अ‍ॅप असलेले टॅब मिळाले. अक्षर ऐकायचं, गिरवायचं, चुकलं तर लगेच पुन्हा करायचं आणि आपल्या गतीने पुढे जायचं. सुरुवातीला ९० टक्क्यांहून अधिक मुलांना एक शब्दही वाचता येत नव्हता; १५ महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आलं.

यातली बहुतेक मुलं कधी शाळेतच गेली नव्हती, म्हणून हे यश मोठं. पण उरलेल्या निम्म्या मुलांचं काय? कोण कुठे अडलं हे ओळखून शेजारी बसणारं माणूस लागतंच. मलावीच्या सरकारी शाळांत यातलंच एक अ‍ॅप आता शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरलं जातं. सराव टॅबने करून घ्यावा, शिकवणं शिक्षकाचंच.