जुलाब लागले? पाणी बंद नको!



वसई रोड सोडून गाडी नायगावकडे निघाली की रुळांच्या कडेला खाजण आणि मिठागरं दिसतात. खिडकीची जागा मिळाली असेल तर तुम्ही ती नक्की पाहिली असतील. या मिठाची एक मोठी कामगिरी आज तुम्हाला सांगायची आहे.

पावसाळ्यात आपल्या वसई-विरारमध्ये पाणी कसं तुंबतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये तर नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. असं घाण पाणी विहिरीत किंवा इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलं, की पाठोपाठ घराघरांत जुलाब-उलट्या सुरू होऊ शकतात. अशा वेळी हमखास कुणीतरी म्हणतं, "त्याला पाणी देऊ नका गं, अजून जुलाब होतील!"

खरंच असं करावं का? विचार करा हं. बादलीला भोक पडलंय आणि बादली रिकामी होऊ द्यायची नाहीये. भोक बुजेपर्यंत आपण काय करू? वरून पाणी ओतत राहू! शरीराचंही तसंच आहे. जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतात. पण तोवर शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात, आणि जिवाला खरा धोका असतो तो त्याचाच. त्यात तान्ह्या बाळाची बादली केवढीशी! ती फार लवकर रिकामी होते.

मग नुसतं पाणी पाजलं तर? ते पुरत नाही, कारण गेलेले क्षारही भरून काढायला हवेत. इथे एक गंमत आहे. आपल्या आतड्यात मीठ आणि साखर हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढलं जातं. जुलाब चालू असतानासुद्धा हे काम बंद पडत नाही!

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे त्यांच्यात कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते मोठमोठ्या पिंपांत भरलं. पाजायचं कुणी? रुग्णांच्या नातेवाइकांनी! पेल्यापेल्याने त्यांनी आपल्या माणसांना ते पाजलं. कॉलऱ्याच्या अशा साथीत शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावायचे, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. डॉक्टरांनी औषध घरच्यांच्या हाती दिलं आणि ते यशस्वी झालं. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आलं.

तेच हे ओआरएस. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे त्याची पाकिटं मोफत मिळतात. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्यायचं, ना कमी ना जास्त, आणि पाकीट पूर्ण रिकामं करायचं.

पाकीट नसेल तर मोठ्यांना सोबत घेऊन हे करा:

१. साबणाने हात धुवा.
२. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी घ्या.
३. त्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळा.
४. चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवीन करा. जास्त मीठ बाळाला घातक असतं. जास्त साखरेने जुलाब वाढतात.
५. झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेलं वापरू नका.

प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलांना अर्धा ते एक कप द्यायचं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचं. बाळाचं अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मऊ भात, वरण, पेज द्यायची. आणि आपल्या वसईचं केळं विसरू नका! जुलाबात गेलेलं पोटॅशियम त्यातून परत मिळतं. डॉक्टर मुलांना १४ दिवस झिंकही देतात. जुलाब थांबले तरी ते पूर्ण घ्यायचं.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेवा. काही गोड सरबतांच्या खोक्यांवर 'ओआरएस' असं ठळक छापलेलं असायचं. २०२५ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते वाचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. डोळे खोल गेले, लघवी होईना, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, शौचातून रक्त पडतं, बाळ पेंगुळतं किंवा काहीच पीत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा. वाटेतही, गिळता येत असेल तर, घोट घोट पाजत राहायचं.

तर दोस्तांनो, या रविवारचा गृहपाठ! घरातल्या औषधांच्या डब्यात ओआरएसची २ पाकिटं आहेत का, त्यांची तारीख उलटून गेली नाही ना, ते बघा. नसतील तर आईबाबांच्या मागे लागा. आणि कुणी "पाणी देऊ नका" म्हणालं, तर त्यांना बादलीची गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या आठवड्यात!