खाते दाखवणे वेगळे, किल्ली देणे वेगळे

चेन्नईपासून फार दूर नसलेल्या तिरूर या गावी १९०४ साली देशातील अगदी पहिल्या कृषी सहकारी पतसंस्थांपैकी एक संस्था नोंदली गेली. त्यापूर्वी मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात ग्रामीण पतपुरवठ्यावर दोन खंडांचा अहवाल सादर केला होता. त्या विचाराचा गाभा साधा होता. कर्ज देणारे आणि घेणारे एकाच परिसरातील असावेत. कोणाची जमीन कशी आणि कोणाचा शब्द किती खरा, हे एकमेकांना ठाऊक असावे.

आज त्याच चेन्नईचा संबंध महाराष्ट्रातील शेतकरी उत्पादक कंपन्यांशी वेगळ्या वाटेने येतो. नाबार्डची उपकंपनी असलेली नाबकिसान फायनान्स १९९७ मध्ये तेथेच स्थापन झाली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या समुन्नती या वित्तसंस्थेचे मुख्यालयही चेन्नईतच आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांना खेळते भांडवल पुरवणे हे दोन्ही संस्थांचे महत्त्वाचे काम. मात्र इतक्या दूर बसून कर्जाचा निर्णय घेणाऱ्याला वाशिमच्या गोदामातील सोयाबीन किंवा लातूरची तूर रोज दिसत नाही. त्याला दिसते ते कंपनीचे बँक खाते. गावाने माणसाला ओळखण्याची जागा आता खात्यातील नोंदींनी घेतली आहे, आणि म्हणूनच खाते कर्जपुरवठादाराशी जोडण्याचा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

या जोडणीला घाबरण्याचे कारण नाही. तारण म्हणून देण्याजोगी जमीन वा इमारत बहुतेक उत्पादक कंपन्यांकडे नसते. व्यवहार मात्र असतो. तो व्यवहार दाखवून कर्ज मिळत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ या संमती-मध्यस्थांचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था प्रत्यक्ष वापरात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये जीएसटीची माहितीही या व्यवस्थेच्या कक्षेत आली. खातेदाराच्या संमतीनुसार हा मध्यस्थ बँकेकडील माहिती कर्जपुरवठादारापर्यंत पोचवतो. कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळासाठी, हे संमतीतच लिहिलेले असते आणि ती मागे घेता येते. मध्यस्थाला ती आर्थिक माहिती स्वतःकडे साठवता येत नाही. खातेदाराचा पासवर्ड मागण्याचीही त्याला मुभा नाही.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. ही व्यवस्था प्रथम रुळली ती व्यक्ती आणि एकल मालकीचे उद्योग यांच्यासाठी. उत्पादक कंपनीचे खाते बहुधा दोन स्वाक्षऱ्यांवर चालते, आणि ते ज्या बँकेत आहे ती बँक या जाळ्यात असेलच असे नाही. मग विवरणाची प्रत पाठवली जाते. एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु काम लवकर व्हावे म्हणून कोणी नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तो फोनवर सांगून टाकला, तर शेकडो सभासदांच्या भागभांडवलाची किल्लीच परक्या हाती गेली. घाई हंगामाची असली तरी ही चूक क्षम्य नाही.

दुसरा गोंधळ त्याहून अधिक आढळतो, आणि तो कागदोपत्री अगदी कायदेशीर असतो. खाते ‘जोडताना’ दोन भिन्न परवानग्या एकाच बैठकीत घेतल्या जातात. एक, खात्यातील नोंदी पाहण्याची. दुसरी, ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता वळता करण्याची, म्हणजे नॅच मँडेटची. पहिलीने माहिती जाते, दुसरीने पैसा जातो. मँडेटवर हप्त्याची नेमकी रक्कम नव्हे, तर कमाल मर्यादा लिहिलेली असू शकते; मुदत कर्जापेक्षा लांब असू शकते. संचालक मंडळाच्या ठरावात मात्र ‘आवश्यक कागदपत्रांवर सही करण्यास मान्यता’ एवढेच मोघम वाक्य असते. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला, तर केवळ दंड भरून सुटका होते असेही नाही. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार शिल्लक अपुरी असल्याने असा इलेक्ट्रॉनिक भरणा नाकारला जाणे हा धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीचा कारभार पाहणारेही या जबाबदारीतून आपोआप सुटत नाहीत. किती संचालकांना हे ठाऊक असते?

म्हणून हप्त्याची तारीख हा वाटाघाटीचा विषय केलाच पाहिजे. सोयाबीन-तुरीची खरेदी करणाऱ्या कंपनीचे खाते ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरून वाहते आणि एप्रिलनंतर कोरडे पडते. दरमहा पाच तारखेचा समान हप्ता किराणा दुकानाला शोभतो. अशा कंपनीला नव्हे. सरासरी मासिक शिल्लक पाहून तिची पत ठरवणेही तितकेच चुकीचे आहे. कर्जपुरवठादारांनी खाते जरूर वाचावे, पण पिकाचे वेळापत्रक शेजारी ठेवून वाचावे.

अर्थात, खाते खरे बोलले पाहिजे. मालाची विक्री एखाद्या संचालकाच्या व्यक्तिगत खात्यात आणि मजुरी-भाडे रोखीने, अशी पद्धत असेल तर कंपनीची उलाढाल विवरणात निम्मीही उमटत नाही. कर्ज नाकारले गेल्यावर मग दोष चेन्नईला दिला जातो. तो नेहमीच रास्त नसतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी बियाणे निवडीच्या बैठकीइतकाच वेळ या कागदांना द्यावा. माहितीची संमती आणि वसुलीचा मँडेट यांचे ठराव स्वतंत्र असावेत. मँडेटची मर्यादा, मुदत आणि तारीख इतिवृत्तात आकड्यांत नोंदवावी. मुदत कर्जासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक झालेले मुख्य तथ्य विवरणपत्र सभेत मोठ्याने वाचले जावे; त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दिलेला असतो. शिवाय, कर्ज फिटले म्हणजे मँडेट रद्द झाला असे गृहीत धरू नये. खरिपापूर्वी, मे महिन्यात, कंपनीच्या खात्यावर कोणकोणते मँडेट चालू आहेत याची यादी बँकेकडून मागवावी आणि जुने लेखी अर्जाने बंद करून घ्यावेत.