उपेक्षित पिस्तुलाचा बाजारभाव

नेमबाजीच्या खेळाकडे मराठी मध्यमवर्गाचे लक्ष गेल्या काही वर्षांत वेधले गेले आहे, याचे नवल वाटावयास नको. २०१० साली म्युनिक येथे तेजस्विनी सावंत विश्वविजेती ठरली, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, आणि २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने रायफलच्या तीन स्थिती प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. ज्या घरांतून पूर्वी मुलाला क्रिकेटची बॅट घेऊन दिली जाई, तेथे आता दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाच्या किमतीची चौकशी होऊ लागली आहे. ही किंमत बॅटीसारखी नसते. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी वा इटलीतून येणारे स्पर्धेचे नवे पिस्तूल लाखाच्या पलीकडे जाते, आणि शिक्षक किंवा कारकून यांच्या घरात एवढी रक्कम भविष्यनिर्वाह निधीतून काढल्यावाचून सहसा उभी राहत नाही.

पिस्तूल कोणते घ्यावे याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ते पुढे विकावयाचे झाल्यास काय येईल, त्यावर आणखी खर्च करणे कितपत शहाणपणाचे आणि जुने घेणाऱ्याने काय पारखून घ्यावे, हे प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः खरेदीचा शहाणपणा याच प्रश्नांत दडलेला आहे. त्याचा उलगडा करण्यास एका रशियन पिस्तुलाची हकिगत फार उपयोगी पडते.

रशियातील इझेव्स्क हे शस्त्रनिर्मितीचे जुने शहर. तेथील कारखान्याने सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या वर्षांत इझ-४६ नावाचे स्पर्धेचे हवाई पिस्तूल काढले आणि पुढे त्याचीच सुधारलेली इझ-४६ एम ही आवृत्ती बाजारात आणली. पाश्चात्य देशांत ते बायकल या छापाने विकले गेले. त्याची रचना साधी आहे. नळीखालची लांब तरफ पूर्ण उघडून पुन्हा मिटली, की त्या एकाच हालचालीत एका गोळीपुरती हवा दाबली जाते. स्प्रिंगचा धक्का नाही, भरून आणावयाचा सिलिंडर नाही. प्रत्येक वेळी तेवढीच हवा तेवढ्याच जागेत कोंडली जात असल्याने पहिली आणि साठावी गोळी जवळजवळ सारख्याच वेगाने सुटते. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते, आणि चांगले छर्रे वापरून शिकंज्यात धरल्यास हे पिस्तूल त्या वर्तुळाच्या आत मारा करते. त्याच्या चापाचे वजन, लांबी आणि खटक्याची जागा ही तिन्ही स्क्रूने जुळविता येतात. हवा न दाबता चाप ओढण्याचा कोरडा सरावही त्यावर करता येतो.

याच तत्त्वावर चालणारे फाइनवेर्कबाउ १०३ हे जर्मन पिस्तूल त्याच काळात प्रतिष्ठेच्या शिखरावर होते. अमेरिकेत चालू शतकाच्या पहिल्या दशकात रशियन पिस्तूल नवे असता साधारण तीन-चारशे डॉलरांना मिळे, तर पश्चिम युरोपातील अव्वल पिस्तुलांना त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. कामगिरीतला फरक किमतीतल्या फरकाच्या जवळपासही नव्हता. मग एवढी तफावत कशामुळे?

ॲडम स्मिथने १७७६ साली उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांत जो भेद केला, तो अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पाणी आणि हिरा यांच्या उदाहरणाने शिकतो. येथे मात्र पाणी आणि हिरा अशा दोन वस्तू नाहीत. एकच काम करणाऱ्या दोन पिस्तुलांचा हा प्रश्न आहे. खरेदीदाराला नळीच्या आतले दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची पारख तो किमतीवरून करतो. स्वस्त आहे, तेव्हा सुमारच असणार, हा निष्कर्ष त्याला सावधपणाचा वाटतो. रशियन पिस्तुलाचे बाह्यरूपही या समजुतीला पोषकच होते. लाकडी मूठ ओबडधोबड, कडा न घासलेल्या, पेटी साधी. शिवाय स्वस्त म्हणून ते नवशिक्यांनी घेतले, आणि नवशिका थोडा पुढे गेला की ते विकून मोकळा झाला. जुन्या बाजारात ते सदैव विपुल राहिले आणि ‘शिकाऊ पिस्तूल’ हा शिक्का त्यावर बसला. मनुष्यस्वभावाचा भागही यात थोडा नाही. गुण वाढले तर नेमबाज श्रेय स्वतःकडे घेतो. खुंटले तर दोष पिस्तुलाचा.

त्याच्या खऱ्या उणिवा दडवून ठेवण्याचे कारण नाही. तरफ जड आहे. सामन्याच्या साठ आणि त्यापूर्वीच्या सरावाच्या गोळ्या मिळून ती सत्तर-ऐंशी वेळा ओढावी लागते, आणि दर वेळी मुठीवरील पकड नव्याने बसवावी लागते. कोवळ्या मनगटाच्या मुलामुलींना हे सोपे जात नाही. अव्वल दर्जाच्या स्पर्धेत दाबित हवेच्या सिलिंडरवर चालणारी पिस्तुले सर्रास दिसतात, त्याचे हे एक सबळ कारण आहे. परंतु जिल्हा वा राज्य पातळीवर शिकणाऱ्यासाठी हा अडथळा गुण अडवून धरण्याइतका मोठा नसतो.

आता सुधारणेचा खर्च. जुने पिस्तूल हाती आले की त्यावर काहीतरी करून पाहण्याचा मोह मालकाला आवरत नाही. या खर्चाचा एक विचित्र नियम अनुभवास येतो: जो खर्च डोळ्यांना दिसत नाही तो सर्वांत फलदायी, आणि जो नजरेत भरतो तो बहुधा वाया जाणारा. दट्ट्याची आणि नळीच्या तोंडाची रबरी सीले बदलणे, योग्य वंगण देणे, चाप नीट जुळवून घेणे या कामांना पैसा थोडा लागतो. चापाच्या जुळणीला तर काहीच लागत नाही. तरीही थकलेले पिस्तूल त्यांनी पुन्हा नव्यासारखे चालू लागते. याच्या दुसऱ्या टोकाला रंगरंगोटी आणि चकाकी. त्यांचा गुणफलकावर शून्य परिणाम.

मुठीचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. पिस्तुलाच्या नेमबाजीत मूठ तळहाताशी तंतोतंत जुळणे याइतकी महत्त्वाची दुसरी सुधारणा नाही. मूळ मूठ कोरून, तिच्यावर लुगदी चढवून, किंवा जर्मनीतील कारागिरांकडून नवी मागवून ती जुळविता येते. नेमबाजाला त्याचा लाभ निश्चित होतो. परंतु एका तळहातासाठी कोरलेली मूठ दुसऱ्या तळहाताला निरुपयोगीच नव्हे, तर अडचणीची असते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने जी मोठी गुंतवणूक, तीच विकणाऱ्याच्या दृष्टीने घट. घरमालकाने आपल्या आवडीनुसार भिंती पाडून दिवाणखाना मोठा केला, आणि गिऱ्हाइकाने येऊन खोल्या मोजल्या, तसाच हा प्रकार. म्हणूनच अनुभवी नेमबाज मूळ मुठीला धक्का लावीत नाही. ती कापडात गुंडाळून पेटीत ठेवतो, कोरावयाची ती दुसरी घेतो, आणि विकतेवेळी मूळची बसवून देतो. विकण्यासाठी म्हणून केलेली सुधारणा क्वचितच वसूल होते. जी करावयाची ती स्वतःच्या गुणांसाठी करावी आणि तो पैसा खर्ची पडला असे समजावे.

मग विकताना भाव कशाने येतो? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक छोटा निबंध लिहिला. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असली, म्हणजे घेणारा प्रत्येक वस्तूला सदोष वस्तूचाच भाव देऊ करतो. मग चांगल्या वस्तूचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे रद्दी उरते. जुन्या पिस्तुलाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. त्यावर उपाय एकच, माहिती उघड करणे. शिकंज्यात धरून झाडलेल्या दहा गोळ्यांचा कागद, सीले बदलल्याची तारीख, मूळ भाग आणि पेटी, एवढे समोर ठेवणारा विक्रेता तोंडी स्तुती करणाऱ्यापेक्षा नेहमी अधिक भाव मिळवितो. नव्या मुठीवर घातलेल्या पैशापेक्षा हा कागद विक्रीच्या वेळी मोलाचा ठरतो, ही गोष्ट मौजेची खरी.

या रशियन पिस्तुलाच्या भावाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१४ साली क्रिमियाच्या प्रकरणानंतर अमेरिकेने कलाश्निकोव्ह उद्योगसमूहावर निर्बंध घातले आणि इझेव्स्कच्या मालाची अमेरिकेची वाट बंद झाली. २०२२ नंतर युरोपातही ती अरुंद झाली. पिस्तुलाचा एकही स्क्रू बदलला नव्हता, परंतु मिळेनासे होताच त्याचे गुण लोकांना दिसू लागले आणि जुन्या नगांचे भाव चढले. वर्षानुवर्षे जो उपेक्षेने कोपऱ्यात पडला होता, तो नग शोधून घेतला जाऊ लागला. भाव चढला म्हणून तो आता रास्त झाला असे समजणेही तितकेच चुकीचे. सुटे भाग मिळण्याची खात्री उरलेली नाही, आणि त्या अनिश्चिततेपोटी किमतीत सूट मागणे घेणाऱ्याचा हक्क आहे. दुरुस्तीची सोय ही पिस्तुलाच्या किमतीचाच भाग असते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. पिस्तूल उत्तम दर्जाचे होते, हे येथे विसरता कामा नये.

महाराष्ट्रातील परिस्थितीकडे वळताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. २२ बोअरचे पिस्तूल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते; ते विकावयाचे तर घेणाऱ्याजवळ परवाना हवा, आणि विक्रीच्या इराद्याची लेखी सूचना जिल्हादंडाधिकारी वा पोलीस ठाण्यास देऊन ४५ दिवस थांबावे लागते. साडेचार मिलिमीटर छर्ऱ्याच्या, विहित ऊर्जामर्यादेतील हवाई पिस्तुलाला परवान्याची अट नाही. म्हणजे जेथे कायद्याची अडचण सर्वांत कमी आणि नवशिक्यांची संख्या सर्वांत अधिक, त्या हवाई पिस्तुलाचा जुना बाजार सुरळीत चालावयास हवा होता. तो तसा चालत नाही. मुलगा नववीत पिस्तूल घेतो, बारावीच्या वर्षी सराव सुटतो, अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की परगावी जातो. पिस्तूल कपाटात राहते. आपल्याकडील हवाई पिस्तुले बहुधा सिलिंडरची, आणि बहुतेक उत्पादक सिलिंडरची मुदत उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे धरतात. आंतरराष्ट्रीय नियमही मुदतीतील सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकतात. कपाटात निजलेल्या पिस्तुलाचे आयुष्य वापरातल्या पिस्तुलाइतक्याच वेगाने झिजत असते. बँकेतील ठेवीला निदान व्याज तरी मिळते. एका हवेच्या दाबावर चालणाऱ्या त्या उपेक्षित पिस्तुलाला ही मुदतीची कटकट नाही, हा त्याचा आणखी एक अलिखित गुण.

येथे जिल्हा संघटनांना आणि क्लबांना करण्यासारखे काम आहे. नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ साली झाली, ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही नवे नेमबाज राष्ट्रीय पातळीकडे जातात. वरळी, बालेवाडी येथील रेंजपासून कोल्हापुरातील क्लबांपर्यंत जेथे प्रशिक्षक आणि शिकंजा दोन्ही आहेत, तेथे जुन्या हवाई पिस्तुलांची नोंदवही ठेवणे कठीण नाही. नगाचा क्रमांक, सिलिंडरची तारीख, सीले बदलल्याची नोंद, दहा गोळ्यांचा कागद आणि प्रशिक्षकाची सही, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. नेमबाजी सोडणाऱ्या घराला रास्त पैसे मिळतील, आणि नव्याने येणाऱ्या घराला लाखाच्या जागी त्याच्या काही हिश्शात स्पर्धेयोग्य पिस्तूल मिळेल.

यावर आक्षेप येतील. संघटना सही करून नसती जबाबदारी का पत्करील, असे एक म्हणेल. सहीने हमी द्यावयाची नाही; परीक्षेच्या दिवशी पिस्तूल कसे होते तेवढेच नोंदवावयाचे आहे, आणि तेवढ्यानेही आजचा अंधार पुष्कळ कमी होतो. नव्या मालाचे विक्रेते नाराज होतील, हा दुसरा आक्षेप. कदाचित होतीलही. परंतु जुने विकल्याखेरीज नवे घेता येत नाही अशीच बहुसंख्य नेमबाजांची स्थिती असते, आणि जुन्याला भाव मिळू लागला तर राज्य पातळीवरून पुढे सरकणारा नेमबाज नव्या पिस्तुलापाशी लवकर पोहोचेल. राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्याने जुन्यावर भागवावे, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांचा आहे. पहिल्या दोन वर्षांत किती मुले नेम चुकला म्हणून नेमबाजी सोडतात आणि किती घरचा हिशेब जुळला नाही म्हणून, याची मोजदाद एकाही जिल्हा संघटनेने ठेवली तरी या नोंदवहीची गरज आपोआप पटेल.